पावडरीच्या मागावर: बाबांबरोबर तीन दिवस पूर्व जर्मनीत

आमचे बाबा बत्तीस वर्षं लोट्याच्या एमआयडीसीत एका डिटर्जंटच्या कारखान्यात स्प्रे टॉवरवर होते, म्हणजे ओला माल फवारून पावडर वाळवतात त्या उंच मनोऱ्यावर. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी अजून कुठलीही पावडर दिसली की आधी चिमटीत घेऊन चोळणार, मग वास घेणार, मग ठरवणार. तर ते आणि आई सप्टेंबरमध्ये माग्डेबुर्गला माझ्याकडे आले, आणि दुसऱ्याच दिवशी सुपरमार्केटात पावडरींच्या रॅकसमोर पाऊण तास उभे. राजवाडे, किल्ले, ऱ्हाईन नदी काही नको, "इथं पावडर कुठं बनते ते दाखव." आता ऑफिसातल्या एका मैत्रिणीची आजी गेंटीनला राहते आणि आयुष्यभर तिथल्या पावडरीच्या कारखान्यात पॅकिंगला होती हे मला माहीत होतं, म्हणून म्हटलं चला. आईचे घट बसणार होते म्हणून ती येणार नव्हती, शिवाय "साबण बघायला जर्मनीत फिरणारे तुम्ही दोघंच" हे ती रोज एकदा तरी ऐकवत होती.

पहिला दिवस, ३ ऑक्टोबर २०२४, बर्लिन

गुरुवार. इकडे जर्मन एकीकरणाची सुट्टी, तिकडे घटस्थापना. बाबांचा उठता-बसता उपवास म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी, आणि दोघांचंही ते तेव्हा ४९ युरोला मिळणारं, देशभरच्या लोकल गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट (बाबांचं वेळेवर कॅन्सल करायचा अलार्म लावून ठेवला होता, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात).

प्रेन्झलाउअर बेर्गमध्ये एक जुनी दारूची भट्टी आहे, म्हणजे बिअरची, कुल्टुरब्राउअराय नावाची, तिथं पूर्व जर्मनीतल्या रोजच्या जगण्यावर एक म्युझियम केलंय. प्रवेश फुकट. ट्राबांट गाडीच्या टपावर बांधलेला तंबू आहे, तो बघून बाबा हसले आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "गाडी कशी मिळायची?" नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून. "मग आपल्या बजाज चेतकसारखंच की." ह्यापुढे त्यांना तो देश समजायला मी काही वेगळं सांगायची गरजच पडली नाही.

इथं दोन गोष्टी मी त्यांना समजावून सांगितल्या कारण दुसऱ्या दिवशी लागणार होत्या. एक म्हणजे इंटरशॉप, सरकारीच दुकानं पण आत पश्चिमेचा माल आणि तो फक्त पश्चिमेच्या चलनात. ज्यांनी ती दुकानं बघितलीत ते लोक मालापेक्षा आधी वासाबद्दल बोलतात, कॉफी, चॉकलेट, साबण आणि धुण्याची पावडर सगळं एकत्र. आणि दुसरं पश्चिमेकडून नातेवाईक पाठवायचे ती पार्सलं. त्यावर लिहावं लागायचं 'भेट आहे, विक्रीचा माल नाही'. ती उघडली की पुन्हा तोच वास. बाबा म्हणाले दुबईहून काका यायचे तेव्हा बॅग उघडल्यावर घरभर लक्सचा वास, आठवतंय? आठवतंय तर.

पर्सिलची, म्हणजे गेंटीनला जी पावडर बनायची तिची गोष्ट ट्रेनमध्येच सांगून झाली होती. हेन्केल कंपनीनं १९०७ साली ड्युसेलडॉर्फला ही पावडर काढली, नाव परबोरेट आणि सिलिकेट ह्या दोन मालांच्या पहिल्या अक्षरांवरून. परबोरेट गरम पाण्यात ऑक्सिजन सोडतं, म्हणजे कपडा उन्हात घालून पांढरा करायचं काम पातेल्यातच होतं, दगडावर आपटायचं काम नाही. 'आपोआप धुणारी' अशीच जाहिरात होती. त्याच्याही आधीचा ह्याच कंपनीचा माल म्हणजे ब्लीचिंग सोडा, आणि तो पुढे ज्या नावानं विकला गेला ते ऐकून बाबा सीटवरून उठलेच. हेन्को! आमच्या घरात दहावीपर्यंत युनिफॉर्म हेन्कोत धुतलेत. हेन्केलचा भारतातला धंदा २०११ मध्ये मुंबईच्या ज्योती लॅबोरेटरीजनं घेतला, म्हणजे उजालावाल्यांनी, तेव्हापासून हेन्को त्यांची. बाबांना हे माहीत होतं, फक्त हेन्को हा शब्द मूळचा सोड्याचा हे नव्हतं माहीत.

संध्याकाळी परतताना व्हॉट्सॅपवर नुसता धुमाकूळ, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याचे फॉरवर्ड. बाबांनी सगळ्या ग्रुपवर हात जोडले, उरलेली खिचडी संपवली आणि झोपले ते माग्डेबुर्गपर्यंत.

दुसरा दिवस, गेंटीन

माग्डेबुर्गहून बर्लिनच्याच लाइनवर पाऊण तासाच्या आत येतं गेंटीन. तेरा-चौदा हजार वस्तीचं गाव, सपाट, शांत, कालवा, वीटकामाचा वॉटर टॉवर. रेल्वेवाल्या लोकांना हे नाव वेगळ्याच कारणानं माहीत असतं, २२ डिसेंबर १९३९ च्या रात्री इथं उभ्या गाडीवर मागून दुसरी एक्सप्रेस येऊन धडकली आणि १८० हून जास्त माणसं गेली. स्टेशनवर उतरताना मी हे बाबांना सांगितलं नाही, परतताना सांगितलं.

आता असं गाव पावडरीच्या कारखान्यासाठी का निवडलं असेल? ना इथं कच्चा माल, ना मोठं बंदर. कारण सीमा. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईनचा पट्टा दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेला, मार्च १९२१ मध्ये फ्रेंच सैन्य खुद्द ड्युसेलडॉर्फमध्ये घुसलं आणि ताब्यातला भाग आणि बाकी जर्मनी ह्यांच्यात जकातीचा अडसर आला. हेन्केलला वाटलं आपला माल आत अडकला तर बाकीच्या देशाला पावडर पुरवायची कुठून. म्हणून बर्लिनच्या जवळ, रेल्वे आणि कालवा दोन्ही असलेली जागा शोधली. हा कालवा मुळात फ्रेडरिक द ग्रेटच्या काळातला, १७४३ ते १७४५ मध्ये खणलेला, एल्बे आणि हाफेल नद्या जोडणारा. १९२१ ला जागा घेतली, १९२३ ला उत्पादन सुरू. म्हणजे एका सीमेच्या भीतीनं कारखाना जन्माला आला, आणि बावीस वर्षांनी दुसरीच सीमा येऊन त्याला मालकापासून तोडून गेली, ती गोष्ट पुढे येतेच.

रस्त्याचं नाव अजून फ्रिट्झ हेन्केल रस्ता. आत जाता येत नाही, कुंपणाबाहेरून लांबलचक इमारती दिसतात, आणि आम्ही दोघं गेटसमोर उभे राहून माना वर करून टॉवर शोधत होतो तेवढ्यात सायकलवरून जाणाऱ्या एका माणसानं थांबून विचारलं काही हरवलंय का. बाबा मराठीत म्हणाले, "हो, स्प्रे टॉवर."

मग आजींकडे. नाव लिहीत नाही, ऐंशीच्या पुढच्या आहेत, आम्ही त्यांना आजीच म्हणूया. सफरचंदाचा केक तयार, कॉफी तयार, आणि टेबलावर मधोमध एक जुना श्पेचा पुठ्ठ्याचा डबा, कोपरे मऊ पडलेले. त्यांनी तो आमच्यासाठीच तळघरातून वर आणून ठेवला होता.

दोन मिनिटं थांबा, हा श्पे म्हणजे काय ते सांगते. १९४५ मध्ये गेंटीन एल्बेच्या पूर्वेला असल्यानं लाल सेनेच्या ताब्यात आलं. ३० ऑक्टोबर १९४५ ला सोव्हिएत लष्करी प्रशासनाचा १२४ नंबरचा हुकूम निघाला, नाझी राजवटीशी संबंधित मालमत्ता आणि कारखाने ताब्यात घ्यायचा, त्यातूनच पुढे सोव्हिएत भागातले मोठे उद्योग सरकारजमा झाले. हेन्केलचा गेंटीनचा कारखानाही गेला आणि झाला 'फे-ए-बे', म्हणजे लोकांच्या मालकीचा उद्योग (लोक म्हणजे कोण हा प्रश्न आजींनी स्वतःच विचारला आणि स्वतःच हसल्या). गंमत अशी की पर्सिल हे नाव तिथंच राहिलं. पश्चिमेत हेन्केलनं १९५० ला पर्सिल पुन्हा बाजारात आणली, आणि इकडे गेंटीनचा सरकारी कारखानाही पर्सिलच बनवत होता. एक नाव, दोन देश, दोन वेगळ्या पावडरी. आणि ते नाव केवढं भिनलं होतं बघा, युद्धानंतर नाझी भूतकाळाबद्दल ओळखीपाळखीतून 'हा माणूस स्वच्छ आहे' असं लिहून आणलेलं प्रमाणपत्र असायचं, त्याला लोक पर्सिलचा दाखला म्हणायचे. अजूनही म्हणतात.

१९६८ ला गेंटीननं श्पे काढली, नाव 'खास विकसित' ह्या अर्थाच्या जर्मन शब्दातून. ही पूर्व जर्मनीची घराघरातली पावडर. त्याच्या मागे दहा वर्षांची तयारी होती, १९५८ मध्ये लॉयना ह्या रसायन कारखान्यांच्या गावी सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षानं रसायन परिषद भरवली आणि घोषणा दिली की रसायनशास्त्र भाकरी देतं, समृद्धी देतं, सौंदर्य देतं. चरबीपासून साबण करायचा तर चरबी खायला लागते, म्हणून कपडे कोळशा-तेलातून आलेल्या रसायनात धुवायचे. हे काही समाजवाद्यांचं डोकं नव्हे हं, युद्धात नाझी जर्मनीनं हेच केलं होतं, लॉयनालाच, दगडी कोळशाच्या हलक्या भावासारख्या त्या तपकिरी कोळशापासून पॅराफिन आणि त्यातून मर्सोलाट नावाचा साबणाचा पर्याय. राजवट बदलली, पाइपलाइन तीच.

तर डबा. बाबांनी आधी परवानगी मागितली, हातानंच, मग झाकण उघडून तळाशी राहिलेली चिमूटभर पावडर काढली. जुनी, गठ्ठे झालेली. एक गठ्ठा नखानं फोडला, तळहातावर पसरला, खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ, पोकळ मणी आहेत. टॉवरचीच आहे." मला म्हणाले सांग त्यांना. आता हे कसं ते असं, सगळा ओला माल एकत्र करून पिठल्यासारखी स्लरी करतात, ती प्रेशरनं टॉवरच्या माथ्यावर चढवून बारीक नोझलमधून खाली फवारतात, खालून गरम हवा वर येत असते, थेंब पडता पडता वाळतो आणि आतली वाफ सुटताना तो फुगतो, म्हणून दाणा पोकळ. पाण्यात टाकला की लगेच विरघळतो. परबोरेट, एन्झाइम, सेंट हे सगळं खाली आल्यावर थंड मालात मिसळायचं, टॉवरमध्ये घातलं तर उष्णतेनं जाईल. निरमाची सुरुवात ह्याच्या उलट, करसनभाईंनी अहमदाबादला १९६९ मध्ये घराच्या मागे हातानं कोरडी मिसळली, टॉवर नाही, डिझेल नाही, म्हणून ती एवढी स्वस्त. बाबा आयुष्यभर टॉवरवाले, निरमाबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात अजून थोडा तुच्छपणा आणि बराचसा आदर असतो.

मी हे सगळं माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. आजींनी मान हलवली आणि अचानक शिंकल्याची नक्कल केली, तीन वेळा. बाबांनी पण केली. मग दोघं एवढे हसले की मला काही भाषांतर करावं लागलं नाही. पॅकिंगला पावडर उडते, नाकात जाते, केसात बसते, पहिला महिना नुसत्या शिंका. बाबा म्हणाले शिफ्ट सुटल्यावर एसटीत बसलो की शेजारचा खिडकीकडे सरकायचा, अंगाला लिंबाचा वास. आजी म्हणाल्या त्यांच्या नवऱ्याला घरात शिरल्याबरोबर कळायचं आज कुठल्या लाइनवर होत्या ते, श्पे की पर्सिल.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. त्यांची बहीण पश्चिमेत, हानोफरला. दर नाताळाला पार्सल यायचं, कॉफी, नायलॉनचे पायमोजे, आणि पर्सिलचं एक पाकीट. म्हणजे दिवसभर ही बाई गेंटीनला पर्सिल डब्यात भरणार, आणि घरी पार्सलमधून पर्सिल येणार! "वापरलीत का?" मी विचारलं. छे. कपाटात चादरींच्या मध्ये ठेवायची, वासासाठी. कोणी पाहुणे आले की चादर काढायची तेव्हा कळायचं आपले कोणीतरी तिकडे आहेत.

केक झाल्यावर त्या आम्हाला तळघरात घेऊन गेल्या. तिथं त्यांचं डब्ल्यूएम ६६. श्वार्झेनबेर्गला बनायचं हे कपडे धुवायचं मशीन, १९६६ पासून, पूर्व जर्मनीत हे नाही असं घर विरळाच. एक उभं पिंप, वर झाकण, समोर तापमानाची आणि वेळेची गोल बटणं, आत भिंतीला लावलेली एक चकती फिरते आणि पाणी घुसळते, पाणी सोडायला रबरी नळी खाली लोंबती. पिळायला वेगळं मशीन. उकळत्या पाण्यातून कपडे काढायला लाकडी चिमटा, भोपळी मिरची भाजायला आपण घेतो तसा पण हातभर लांब, आणि टोकं वर्षानुवर्षांच्या पावडरीनं पांढरी, मऊ, लोकरीसारखी झालेली. त्या चिमट्यावरून बाबांनी बोट फिरवलं आणि काही बोलले नाहीत. मग आजींनी मिस्किलपणे सांगितलं की ह्यात फक्त कपडे नाही, हंगामात फळांच्या बरण्या पण उकळायच्या आणि गल्लीत पार्टी असली की सॉसेज! चाळीसएक एका वेळी. हे मी आधी दुसऱ्यांकडूनही ऐकलेलं, मला वाटायचं थट्टा करतात. "आधी नीट धुवायचं ना पण?" बाबांनी विचारलं. आजी म्हणाल्या, "धुवायचं मशीनच आहे ते."

१९९० चं, म्हणजे दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हाचं, त्या फार बोलल्या नाहीत. हेन्केल परत आली, पंचेचाळीस वर्षांनी आपला कारखाना परत घेतला, गावात आनंदच झाला कारण आजूबाजूचे कारखाने धडाधड बंद पडत होते. श्पे हे नावही हेन्केलनं ठेवलं, पुढे टीव्हीवर कोल्ह्याची जाहिरात करून पश्चिमेतही विकलं. मग २००९ च्या शेवटाला हेन्केलनं गेंटीन बंद केलं, काम ड्युसेलडॉर्फला गेलं. त्यानंतर दुसरी कंपनी आली, ती २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच येतंय, सीमा होती तोवर हा कारखाना लागत होता. फ्रेंचांची होती तेव्हा लागला, भिंत होती तेव्हा तर लागलाच. सीमा गेली आणि एकाच देशात एकाच कंपनीचे दोन टॉवर झाले, मग हिशेबवाल्यांनी एक खोडला. आजींना मी हे म्हटलं नाही. बाबांना परतीच्या गाडीत म्हटलं, तर ते म्हणाले, "टॉवर गरम ठेवायला किती डिझेल लागतं माहितीये तुला? मी पण एकच ठेवला असता." आणि पाच मिनिटांनी, खिडकीबाहेर बघत, "पण हा ठेवला असता."

तिसरा दिवस, केमनिट्झ

हा दिवस थोडक्यात, कारण निम्मा दिवस गाड्या बदलण्यात गेला, लाइपझिगला एक गाडी चुकली ती माझ्याच चुकीनं, कॉफीच्या रांगेत उभी राहिले.

केमनिट्झचं नाव १९५३ पासून १९९० पर्यंत कार्ल मार्क्स शहर होतं, आणि मधोमध मार्क्सचं सात मीटरहून उंच नुसतं डोकं, सोव्हिएत शिल्पकार लेव केरबेलनं केलेलं, १९७१ चं. बाबांनी फोटो काढला पण आम्ही आलो होतो दुसऱ्याच कामाला. १९३२ मध्ये ह्याच गावात, ब्योमे फेटकेमी नावाच्या कंपनीत हाइनरिश बेर्ट्श ह्या रसायनतज्ज्ञाच्या कामातून फेवा निघालं, नाजूक कपड्यांसाठी जगातलं पहिलं घरगुती कृत्रिम डिटर्जंट. ह्यात काय एवढं? आपल्याकडे बोअरच्या पाण्यात साबण फाटतो ना, फेस होत नाही आणि बादलीवर पांढरट साय येते, ती साय ह्यात येत नाही. बस. पण त्या 'बस'वरच पुढच्या सगळ्या पावडरी उभ्या आहेत, श्पे काय आणि सर्फ काय.

त्याच कारखान्यातून समाजवादी काळात फिट आलं, भांडी घासायचं लिक्विड. त्याच्या बाटलीचा आकार गावातल्या लाल मनोऱ्यावरून घेतलाय, जुना मध्ययुगीन बुरूज आहे, टोपीसारखं छप्पर. शनिवार होता म्हणून दुकानं उघडी, फिटची बाटली विकत घेतली आणि बाबांना बाटली हातात धरून मनोऱ्यासमोर उभं केलं. खरंच तसाच आकार. जवळून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या, त्यातल्या एकीनं बाटलीकडे बोट दाखवून अंगठा वर केला. फिट वाचलं. आता हिर्शफेल्डे नावाच्या सीमेवरच्या गावात बनतं, नव्वदच्या दशकात खासगी मालकानं घेतलं आणि पुढे तर पश्चिमेचेच काही जुने ब्रँड विकत घेतले त्यांनी. मला वाटतं गेंटीनला जुना मालक परत मिळाला, आणि त्या मालकाकडे घरी एक कारखाना आधीच होता. फिटला परत घ्यायला असा कोणी आला नाही म्हणून त्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं.

परतताना माग्डेबुर्ग स्टेशनजवळ बाबांनी श्पेचं मोठं पाकीट घेतलं, चिपळूणला न्यायला. मी म्हटलं बॅगेत वजन होईल, लोणच्याच्या बरण्या रिकाम्या झाल्यात तेवढ्यावर जमेल म्हणाले.

आईला धीर कुठला. रविवारी सकाळी घटाला पाणी घालून झाल्यावर बादलीत चमचाभर श्पे टाकून बाबांचे दोन शर्ट भिजवले. अर्ध्या तासानं बाथरूममधून हाक. बादलीत जेमतेम चार बुडबुडे. बाबा समजावत होते, हे ड्रमच्या मशीनसाठी असतं, फेस मुद्दाम मारलेला असतो, फेसाचा आणि मळाचा काही संबंध नाही, मी बत्तीस वर्षं हेच. आईनं शर्टाची कॉलर उजेडात धरून बघितली, स्वच्छ होती, तरी म्हणालीच, "तीन दिवस हिंडून फेस न येणारी पावडर आणलीत."

बाबांनी कॉलरचा वास घेतला, मग मलाही घ्यायला लावला.